छाटणीनंतरची हळद

सांगलीच्या ‘गच्चीवरची बाग’ ग्रुपचे ॲडमिन दिवेकर सर म्हणजे गुलाबातला शेवटचा शब्द. कुणी फोटो टाकला की सर विचारणार, "हे झाड आहे की खराटा?" परवा त्यांनी नलूकाकूंच्या पहिल्यावहिल्या गुलाबाखाली "सरपणात घाला" असं लिहिलं आणि काकू ग्रुप सोडून गेल्या. ग्रुपमधल्याच हेमलताला ते फार लागलं, कारण काकूंना बागेचा नाद तिनेच लावला होता. तिने सरांना तसं कळवलं, तर उत्तर आलं, "छाटल्याशिवाय झाड फुटत नाही. मी छाटणी करतो."

रविवारी सगळे सरांच्या गच्चीवर गुलाबाची छाटणी शिकायला जमले. सरांनी कचकन फांदी कापली आणि कापल्या जागी हलक्या बोटाने हळदीचा लेप लावला.

"हे कशाला, सर?" हेमलताने भोळा चेहरा करून विचारलं.

"अहो, जखम उघडी ठेवली तर फांदी वाळत जाते."

"असं होय. मग ग्रुपवर छाटताना तुमची हळद संपलेली असते का?"

सगळे एकदम कुंड्या न्याहाळू लागले. सर बराच वेळ बोट पुसत राहिले.

संध्याकाळी सरांनी स्वतः फोन करून काकूंना ग्रुपवर परत घेतलं आणि त्यांच्या गुलाबाच्या फोटोखाली लिहिलं, "ऊन कमी पडतंय. पण कळी छान धरलीय."

हेमलताने त्याखाली पिवळाधमक बदाम ठेवला.