केरोबाच्या हातचे तीर्थ

श्रीसहजनाथ महाराज तांबणोलीस आले ते चैत्रात. सोबत एक घोंगडी आणि एक कटोरा, एवढाच संसार. गावाच्या पूर्वेला टेकाडावर सिद्धेश्वराचे देऊळ आहे, त्याच्या पडवीत महाराजांनी मुक्काम टाकला. टेकाडाच्या पायथ्याशी विहीर, आणि विहिरीपासून देवळापर्यंत बेचाळीस पायऱ्या. भाविकांनी या पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात, कारण महाराजांची सारी लीला या पायऱ्यांवरच घडली आहे.

महाराज अंगारा देत नसत, ताईत बांधत नसत. डोक्यावर हात ठेवून "जा, बरा होशील" असेही कुणाला म्हणत नसत. त्यामुळे गावाची निराशा झाली. आपल्याला साधू हवा असतो तो काहीतरी हातावर ठेवणारा. नुसत्या बसून राहणाऱ्या साधूपुढे नारळ फोडायलाही लोकांचे मन होत नाही.

पायथ्याशीच तांबट आळी होती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तांब्याच्या पत्र्यावर हातोड्यांचे ठोके चालत. फक्त एका घरातून ठोका ऐकू येत नसे. ते घर केरोबा तांबटाचे. एके काळी केरोबासारखे मठारकाम पंचक्रोशीत कुणी करत नव्हते. हंडा घडून झाला की त्यावर बारीक ठोक्यांची नक्षी उठवायची, एक ठोका दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही, याला मठारणे म्हणतात. केरोबाचा ठोका कधी चढला नव्हता. मग त्याला रंगराव देसायांची ओसरी सापडली.

रंगराव हे गावचे देसाई. जमीनजुमला, दारात घोडी, आणि संध्याकाळी ओसरीवर हातभट्टीची बैठक. या बैठकीत दारूला दारू म्हणायचे नाही, असा रंगरावांचा दंडक होता. तिथे दारूला 'तीर्थ' म्हणत. "केरोबा, तीर्थाला ये" असा निरोप आळीत यायचा आणि म्हाताऱ्या बायका भाबडेपणाने हात जोडायच्या. ही थट्टा रंगरावांना फार आवडे. देवाचा शब्द उचलून गुत्त्यात नेऊन बसवला आणि वर हसले. माझा तर हे लिहितानाही संताप होतो.

अकरा वर्षे केरोबाने ते तीर्थ घेतले. मग डोळे पिवळे झाले, पाय सुजले, आणि पोट असे फुगले की नेसलेले धोतर कमरेला टिकेना. हातातला हातोडा तर केव्हाच गळून पडला होता. वैद्य जनार्दनबुवांनी पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि त्याच्या बायकोला, राहीबाईला, बाजूला नेले.

"काळीज नासलंय, पोटात पाणी भरलंय," वैद्यबुवा म्हणाले. "दारू सुटली तर माझं औषध लागू पडेल. नाही सुटली तर औषध वाया घालवू नकोस. मीठ आजपासून बंद. आणि सोडणार असला तर मला आधी कळव, मी शेजारी बसेन. अशी दारू सुटताना माणूस दगावतो."

राहीबाईने त्या दिवसापासून अळणी रांधले. घरात दोन चुली नको म्हणून स्वतःही तेच खाल्ले. हे प्रेमापोटी केले असे कुणी समजू नये. अकरा वर्षांत त्या बाईच्या वाट्याला नवऱ्याचा एक गोड शब्द आला नव्हता. शिव्या आल्या, दोनदा डोक्यात खोक आली. तरीही तो मरू नये असे तिला वाटत होते. का, ते तिचे तिलाच ठाऊक.

सोमवारी ती देवळात गेली. महाराजांपुढे पदर पसरला. "महाराज, माझं मालक जातंय. थोडं तीर्थ द्या त्यांच्यासाठी."

रंगराव देसाई अभिषेकासाठी आले होते. ते मोठ्याने हसले. "राहीबाई, केरोबाला तीर्थाची काय कमी? आमच्या ओसरीवर रोज घेतो की! गावात त्याच्याएवढं तीर्थ पोटात गेलेला दुसरा माणूस दाखवा."

सगळे देऊळ हसले. पुजारीही हसला. राहीबाई पदर तसाच धरून उभी राहिली.

महाराज हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, माझ्याकडे द्यायला तीर्थ नाही. मलाच हवंय. केरोबाला सांग, रोज सकाळी विहिरीवरून तांब्या काठोकाठ भरून त्यानं स्वतः मला आणून द्यावा. त्याच्या हातून येईल तेवढंच पाणी मी दिवसभर पिईन. मात्र आदल्या दिवशी घेतली असेल तर आणू नये. त्या दिवशी मी तहानलेला राहीन."

राहीबाईचा तोल सुटला. "महाराज, मी मागायला आले आणि तुम्ही माझ्याच गळ्यात धोंड बांधताय? त्यो न्हाई यायचा. तुम्ही हितं तहानेनं तडफडणार, आन् त्ये पाप माझ्या माथ्यावर!"

"पाप माझ्याकडं राहू दे," महाराज म्हणाले. "तू निरोप तेवढा दे."

"दोन दिवसांत नदीवर जाऊन ओंजळीनं पितील," रंगराव बाहेर पडताना म्हणाले. त्यावर गावात पैजा लागल्या.

राहीबाईने निरोप दिला. "महाराजांनी तुमच्या हातचं तीर्थ मागितलंय. तांब्या भरून."

आता केरोबाची गंमत बघा. गंमत तरी कसली म्हणायची! अकरा वर्षांत त्या शब्दाचा एकच अर्थ त्याच्या डोक्यात उरला होता. तो तडक रंगरावांच्या ओसरीवर गेला आणि म्हणाला, "देसाई, महाराजांनी तीर्थ मागितलंय." रंगरावांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या हाताने तांब्या भरून दिला. केरोबाने तो दारूचा तांब्या पोट सावरत, धापा टाकत पायऱ्यांवरून वर नेला आणि भक्तिभावाने महाराजांपुढे ठेवला. साऱ्या गावाने तो प्रसंग पाहिला.

महाराजांनी वास ओळखला. रागावले नाहीत. "केरोबा, हे देसायांचं तीर्थ," ते म्हणाले. "मी तुझं मागितलं होतं." तांब्या त्यांनी तसाच समोर राहू दिला आणि डोळे मिटले.

चैत्राचे ऊन होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लोकांनी पाणी आणले, महाराजांनी हात लावला नाही. केरोबा ओसरीवर जाऊन आला आणि घोरत पडला. तिसऱ्या सकाळी राहीबाईने त्याला हलवून उठवले. ती रडली नाही की ओरडली नाही.

"ऐका," ती म्हणाली. "तुम्ही मेलात तर मी रडणार न्हाई, त्ये आत्ताच सांगून ठेवते. माझं रडून झालंय. पर त्या माणसानं तुमचं काय खाल्लंय? आदल्या दिवशी न घेता तुम्ही आणाल त्येच पाणी पिणार म्हणून त्यो तुमच्यापायी मरतोय. तुम्हाला एक जीव कमी पडला व्हय?"

केरोबा पायऱ्या चढून गेला. महाराजांचे ओठ फाटले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहून नाव घेण्याचा प्रयत्न केला, पण घशातून आवाज निघाला नाही. केरोबाचे नाव घेताना कुणाचा तरी घसा कोरडा पडलेला, हे त्याने उभ्या जन्मात पाहिले नव्हते. तो तिथेच बसला. "महाराज, काल घेतलीया. आजचं चालायचं न्हाई," तो म्हणाला. महाराजांनी बोटाने खूण केली, उद्या.

तो दिवस कसा गेला ते राहीबाई आणि वैद्यबुवाच जाणोत. केरोबाला कंप सुटला. भिंतीवरून विंचू उतरताहेत म्हणून तो किंचाळू लागला. बायकोला ओळखेना, तिच्या मनगटाला कडकडून चावला. वैद्यबुवा उशाशी बसून होते. राहीबाईने त्याला मिठी मारून दाबून धरले. त्या मिठीत माया नव्हती, नुसता जोर होता.

चौथ्या सकाळी केरोबा विहिरीवर गेला. तांब्या त्याचाच घडवलेला, रुंद तोंडाचा, काठोकाठ भरलेला. पण हात! पहिल्याच पायरीवर पाणी हिंदकळले. विसाव्या पायरीवर निम्मा तांब्या रिता झाला. वर पोचला तेव्हा जेमतेम तळ झाकेल एवढे पाणी उरले होते. खाली गाव उभे राहून हसत होते. महाराजांनी तेवढे घोटभर पाणी दोन्ही हातांनी घेतले, मस्तकाला लावले आणि प्यायले. चार दिवसांत पोटात गेलेले ते पहिले पाणी.

"आज एवढं पुरलं," महाराज म्हणाले.

केरोबा पायऱ्यांवर बसून हमसून हमसून रडला. उद्या आपले हात कमी थरथरले तर या माणसाला दोन घोट जास्त मिळतील, एवढे त्याला कळले. त्यानंतर ओसरीवरून निरोप आले, पण तो गेला नाही. जाऊ नये म्हणून राहीबाई संध्याकाळी दारात पाय पसरून बसे. एकदा तो तिला ढकलून आळीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथून आपण होऊन परतला. त्या संध्याकाळी दोघे अळणी भाकरी खाऊन झोपले.

महिन्याने अर्धा तांब्या वर पोचू लागला. आता वैद्यबुवांचे औषध लागू पडले. पायाची सूज उतरली, डोळ्यांचे पिवळेपण फिकटले, पोट हळूहळू बसू लागले. कुठे वीज चमकली नाही की घंटा आपोआप वाजली नाही. आषाढ लागला तेव्हा केरोबा तांब्यातला एक थेंब न सांडता बेचाळीस पायऱ्या चढत होता. महाराजांच्या गालांवरही जरा मांस चढले होते. तरी वैद्यबुवांनी बजावले, "काळजाचा जो भाग गेला तो गेला. उरलंय त्यावर जगायचं. एक घोट घेतलास तर मला बोलावू नकोस."

रंगरावांना हे सारे झोंबले. बैठकीतला हसवणारा गडी गेला आणि पैजही बुडाली. गुरुपौर्णिमेला सारे गाव देवळात जमले. केरोबाने भरला तांब्या वरच्या पायरीवर ठेवला आणि दर्शनाआधी पाय धुवायला दगडी डोणीकडे गेला. तेवढ्यात रंगरावांनी उपरण्याआड लपवलेली बाटली काढली, तांब्यातले पाणी तुळशीच्या बुंध्याशी ओतले आणि दारू भरली. त्या वेळी सगळ्यांची पाठ होती, कुणी पाहिले नाही.

केरोबाने तांब्या उचलला आणि वास नाकात शिरला. तीन महिन्यांनी! त्याचे हात थरथरू लागले. तांब्या हिंदकळला, दारू मनगटावरून ओघळली.

"बघा, बघा!" रंगराव ओरडले. "पिऊन आलाय! हात बघा त्याचे! आणि तांब्यात काय आणलंय ते हुंगा कुणीतरी!"

गर्दीत राहीबाई उभी होती. तिनेही तो थरथरता हात पाहिला. केरोबाच्या ओठांपासून तांब्या वीतभर अंतरावर होता. एक घोट, आणि सगळे संपले असते.

तो तसाच महाराजांकडे चालत गेला. "महाराज," तो म्हणाला, "म्या घेतली न्हाई. पर ह्यात दारू हाय. कशी आली ठावं न्हाई. आज तुम्ही तहानलेलं ऱ्हावा."

"तू घेतली नाहीस ना?" महाराजांनी विचारले.

"न्हाई."

"मग आणलंस ते तीर्थच." महाराजांनी तांब्या हातात घेतला आणि सभेकडे वळले. "देसाई, मान तुमचा. पहिलं तीर्थ तुम्ही घ्या."

भर देवळात पुढे आलेले तीर्थ नाकारता येत नाही. देसायांच्या घराण्याला तर नाहीच. रंगराव पुढे आले. आत काय आहे ते त्यांना पक्के ठाऊक होते, आणि नेमके तेच गावासमोर तोंडात घालायचे होते. त्यांनी उजव्या हाताचा पसा केला. महाराजांनी धार धरली.

धार कशाची होती? विहिरीच्या थंडगार पाण्याची! वर तुळशीचे एक पान तरंगत आले. रंगरावांनी हुंगले, जिभेला लावले, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण लोक पाण्याकडे पाहत नव्हते. रंगरावांचा हात लटलट कापत होता. सारे तीर्थ बोटांच्या फटींतून गळून गेले, मस्तकाला लावण्यापुरतेही उरले नाही. केरोबाचे हात चैत्रात जसे कापत, तसेच ते कापत होते. आजवर तो हात कुणी असा उघडा पाहिला नव्हता. रंगरावांनीही पाहिला नसावा.

"बाटली माझी," ते पुटपुटले. "मीच ओतली." आणि ते महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मला काय झालंय?" महाराज म्हणाले. "मी तीन दिवस तहानलेला होतो. ती बाई अकरा वर्षं आहे."

तेव्हा रंगराव देसायांनी पागोटे काढले आणि तांबटाच्या बायकोपुढे डोके टेकवले. आता राहीबाई "उठा" म्हणेल असे सगळ्यांना वाटले. ती म्हणाली नाही. तिच्या मनगटावर दातांचे व्रण अजून दिसत होते.

"डोकं टेकून माझी वर्षं परत येत न्हाईत, देसाई," ती म्हणाली. "घरी जावा. वैनीसाहेबांस्नी म्हणावं, आजपास्नं अळणी रांधा. वैद्यबुवांस्नी बोलवून घ्या. आन् उद्या सकाळी तांब्या घेऊन या." मग तिने विचारले, "आज घेतलीया?"

रंगरावांनी वाकल्या डोक्यानेच मान हलवली. घेतली होती.

"मग परवा या," राहीबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगराव देसाई अनवाणी विहिरीवर आले. केरोबाने नवा मठारलेला तांब्या त्यांच्या हाती दिला. त्यावर एकही ठोका दुसऱ्यावर चढलेला नव्हता. वर पोचेपर्यंत त्यात घोटभर पाणी उरले. महाराजांनी ते मस्तकाला लावले आणि प्यायले. रंगराव तिथेच, सर्वांत वरच्या पायरीवर, कपाळ टेकून कितीतरी वेळ पडून होते. त्या दिवशी केरोबाने आपला तांब्या वर नेला नव्हता; महाराजांना पाणी तेवढेच मिळाले.