आईचा दगड संगमरवर झाला

लालकेशरी पळसाच्या रानात, एका चुनाभट्टीशेजारी, मंजी नावाची इवलीशी पोर राहायची. तिची आई देवाघरी गेली होती. मागं उरला होता दारातला करडा चुनखडक, आई रोज बसून बसून मधोमध खळगा पडलेला. आईची आठवण आली की मंजी त्या खळग्यात गाल टेकवायची. आठवण तर रोजच यायची.

आज भट्टी पेटवायची होती आणि नेमका एक दगड कमी पडला. बाबा पहार घेऊन दारातल्या आईच्या दगडाकडे वळले.

"बाबा, तो नोको ना!"

"अर्धी भट्टी पेटत नाही, माय," बाबा मान खाली घालून म्हणाले.

भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक दगडावर मंजी आधी टकटक करायची. फटींतल्या मुंग्या, पाली बिचाऱ्या पळून जाव्यात म्हणून. आज रडत रडत तिनं आईच्या दगडावरही टकटक केलं आणि आतून बाहेर आली एक चिमुकली, चंदेरी पंखांची परी!

"पोरी, भाजलेच असते बघ मी! माग एक इच्छा. पण गेलेलं माणूस परत आणता येत नाही हं."

 मंजीला तेच तर मागायचं होतं.

"मग आईचा दगड वाचव."

"त्याला जमिनीच्या पोटात नेते, तापलेल्या शिलारसाजवळ."

"आगीजवळ? अगं, आगीत दगडाचा चुना होतो!" भट्टीवाल्याच्या पोरीला दुसरं काय ठाऊक असणार!

परी खुदकन हसली. "भट्टीत दगडातली हवा निसटते, म्हणून त्याचा चुना होतो. खोल खाली त्याच्यावर अख्खा डोंगर बसलेला असतो. हवा जाणार कुठं? दगड वितळतही नाही. उष्णतेनं त्याचे बारीक कण नव्यानं जुळतात, मोठे आणि चमचमते होतात. लागतात हजारो वर्षं, पण मी पापणी लवेतो करीन. मात्र जुन्या खुणा पुसल्या जातील. खळगासुद्धा."

मंजीनं शेवटचं एकदा खळग्यात गाल टेकवला. मग हळूच म्हणाली, "ने."

जमीन गुरगुरली. करडा दगड खाली गेला आणि वर आला तो पांढराशुभ्र संगमरवर होऊन, साखरेसारखा लुकलुकत! बाबांच्या हातातली पहार गळून पडली.

"याले जाळाले माझा हात नाही धजत. दुसरा दगड आणू, भट्टी उद्या पेटवू."

परी रुपेरी उजेडात विरून गेली.

मंजीनं दगडावरून हात फिरवला. खळगा खरंच नव्हता. तिचे डोळे भरून आले. तरी तिनं डोकं टेकवलं. दगड अजून कोमट होता, आईच्या मांडीएवढा कोमट. आणि कितीतरी दिवसांनी मंजीला गाढ झोप लागली.