वेशीवरचा वास

त्या मुलखात डोंगरावर राहणारे स्वच्छ आणि डोंगराखाली राहणारे घाणेरडे होते. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वेशीवर एक कुत्रा बसवलेला होता, आणि खालून येणाऱ्या प्रत्येकाला हुंगून तो सांगायचा, "वास येतोय. परत फिरा."

कुत्र्याचं नाव राखण्या. नाक तिखट, आणि स्वभाव महासंशयी. पान हललं तरी याचे कान उभे! खालच्या वस्तीत सगळ्या घुशी, बिळं करून राहणाऱ्या. जमिनीखाली डोळ्यांआड ज्यांचे उद्योग चालतात त्या चोरट्याच असणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्यांतली चिंधी नावाची घूस मात्र भलतीच चिवट. डोंगरावरचा झरा बारीक होऊ लागला तेव्हापासून ती रोज वेशीशी यायची. "दादा, झरा आटलेला नाही, गाळानं बुजलाय. मी उकरून देते. आत तेवढं सोडा."

राखण्या हुंगायचा. तोच आंबूस, कुजका वास. "हो का! थेट झऱ्यातच घुसायचंय होय? चल, नीघ!"

वरच्या सांबर, मोर, रेड्यांपैकी तर कुणी गाळाला पाय लावायला तयार नव्हतं. उपसाउपशी हे का सांबरांचं काम आहे?

शेवटी झरा थांबलाच. राखण्याची धाकटी लेक तहानेनं निपचित पडली. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. त्याच दुपारी चिंधी आली, आणि राखण्याला दिसलं की तिच्या मिशा ओल्या आहेत. त्याचं टाळकंच फिरलं. म्हणजे पाणी चोरतात तर या! त्यानं तिला हाकलली आणि लेकीला मानेपाशी तोंडात धरून दबक्या पावलांनी तो चिंधीच्या मागं निघाला. चोरी पकडायची, आणि लेकीला पाणीही पाजायचं.

वस्तीच्या तोंडाशीच तो वास भसकन नाकात शिरला. तिथं एक डबकं होतं, आणि डोंगरावरून येणारं सांडपाणी थेंबथेंब त्यात पडत होतं. राखण्यानं लेकीला खाली ठेवून हुंगलं. पुन्हा हुंगलं. सांबर ज्यात लोळतो तो चिखल. मोराची विष्ठा. रेड्याचं मूत. एकेकाला तो नावानिशी ओळखत होता.

त्या डबक्यात कमरेपर्यंत उभ्या राहून घुशी ते पाणी पुढच्या खड्ड्यात सोडत होत्या. तो वाळूचा. त्याच्या पुढचा कोळशाचा, मग वाळ्याच्या मुळांचा. शेवटच्या खड्ड्यातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचा खडा न् खडा दिसावा. तरी राखण्याचं मन मानेना. "यात काही कालवलं नसेल कशावरून?"

चिंधी आधी स्वतः घोटभर प्यायली आणि बाजूला सरली. मग लेक प्यायली, धाप लागेपर्यंत प्यायली, आणि तिनं शेपूट हलवलं. राखण्याला रडू कोसळलं. रडताना कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्यानं मागंही पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो चिंधीला घेऊन झऱ्यावर गेला. वरची सगळी मंडळी सुकलेल्या तोंडांनी जमली होती. म्हातारा सांबर शिंगं रोखून पुढं आला. "हिला कुणी आत सोडलं? राखण्या, हुंग तिला! येतोय ना वास?"

राखण्या वास घेऊन कधी खोटं बोलला नव्हता. "येतोय, महाराज."

"मग?"

"तुमचाच आहे. थोडा मोराचा, थोडा रेड्याचा."

चिंधी तेवढ्यात झऱ्याच्या कोरड्या तोंडात शिरली आणि मागच्या पायांनी गाळ भिरकावू लागली. तो सगळ्यांच्या अंगावर उडत होता, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सांबरानं हळूच मान वळवून आपली कूस हुंगली. मोरानं पंखात चोच खुपसली. मग एकमेकांकडे चोरून बघत जो तो शेजाऱ्यापासून थोडा थोडा लांब सरकू लागला.