दुखणं वाढलं हो, वाढलं!

एका गावात एक भोळा कासार होता. नाव सदोबा. भोळा म्हणजे किती? 'जरा पाय मोकळे करून या' म्हटलं, की हा उंबऱ्यावर बसून पायाला काय बांधलंय ते शोधायचा.

लहानपणी त्याच्या हातून एक बांगडी पडली. "फुटली, फुटली!" म्हणून हा ओरडला. बापानं पाठीत धपाटा घातला. "मेल्या, अभद्र बोलू नये! बांगडी फुटत नसते, वाढते."

"कळलं," म्हणाला सदोबा.

तेव्हापासून त्याच्या घरात काही फुटलं नाही. माठ वाढला. आरसा वाढला. एकदा ठेच लागून पुढचा दात वाढला. जे जे म्हणून संपलं, ते ते वाढलं.

त्याची बायको गोदा मात्र हुशार. नवरीला चुडा भरावा तो गोदाक्कानंच, असं पंचक्रोशीत नाव. पण चुडा भरायला मांडी घालून बसावं लागतं, आणि दोन वर्षं तिला बसताच येत नव्हतं. कमरेतून कळ निघायची ती थेट ढुंगणात उतरायची. बिचारी जेवायची तीही उभ्यानंच. गुरुवारी शेजारच्या गावात एका नवरीचा चुडा होता. गोदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "एवढा एक तरी मला बसून भरायचाय हो."

सदोबा तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "गादी सरकलीय. त्यानं नस दबलीय."

"कळलं," म्हणाला सदोबा. घरी येऊन त्यानं गादी ओढून जागेवर आणली आणि चारी कोपऱ्यांना खाटेशी खिळे ठोकले. गोदा आडवी झाली आणि किंचाळत उठली.

"अहो, पाठीतली गादी! मणक्यातली!"

"असं होय!"

मंगळवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. म्हणाले, "दुखऱ्या नसेपाशी इंजेक्शन देऊ. नस बधिर होईल. दुखण्याची वाट अडवली की काम झालं."

"कळलं," म्हणाला सदोबा, आणि खोलीच्या दारात हातपाय फाकून उभा राहिला. डॉक्टर सुई घेऊन आले.

"सदोबा, सरका."

"छे! सरकायचं नाही साहेब. गादी सरकली म्हणून तर ही वेळ आली."

शेवटी दोन नर्सनी त्याला बखोटीला धरून बाजूला केलं. इंजेक्शन दिलं. पाव तासात गोदाची कळ थांबली, आणि बाईला अशी गाढ झोप लागली की घोरायलाच लागली. डॉक्टरांनी सदोबाला विचारलं, "काय हो, दुखणं कमी झालं की वाढलं?"

सदोबानं बायकोचा सुखी चेहरा पाहिला. त्याला भरून आलं. "वाढलं साहेब!"

"थोडं की जास्त?"

"समूळ वाढलं!"

डॉक्टर चपापले. नस चुकली म्हणायची! त्यांनी लगेच दुसरी सुई टोचली. गोदा ताडकन जागी झाली. "आई गं! अहो, दुखणं केव्हाच गेलं होतं माझं!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सदोबा, गेलं तर सरळ गेलं म्हणावं. वाढलं म्हणू नये."

"कळलं," म्हणाला सदोबा.

गुरुवारी सकाळी गोदा बांगड्यांची पेटी घेऊन टमटममध्ये चक्क मांडी घालून बसली आणि चुडा भरायला गेली. थोड्या वेळानं डॉक्टरांचा फोन आला.

"कशा आहेत गोदाक्का?"

"गेली," म्हणाला सदोबा.

"काय? कधी?"

"सकाळी सातला."

"फार त्रास झाला का हो?"

"छे छे! बसल्या बसल्या गेली. हसत होती."

डॉक्टरांच्या हातून फोन पडला. दवाखान्यातला कंपाउंडर गोदाच्या माहेरचा. दुपारपर्यंत माहेरची सगळी भावकी टेम्पो भरून दारात. भावानं सदोबाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, "दाजी, गेली हो आमची गोदा!"

"गेली ना," म्हणाला सदोबा. पण एवढी माणसं रडतायत म्हणजे तसंच काहीतरी असणार, म्हणून मग तोही रडायला लागला.

दिवस कलताना गोदा परतली. दारात ही गर्दी. बायकांची तोंडं पदरात, पुरुषांच्या माना खाली. ती तशीच बायकांत घुसली, फतकल मारून बसली आणि वहिनीच्या गळ्यात गळा घालून रडली. चांगली तासभर रडली. दोन वर्षांत स्वतःच्या घरी इतका वेळ ती पहिल्यांदाच बसली होती.

मग तिनं हळूच नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, पण गेलं कोण?"

सदोबानं डोळे पुसले.

"तूच की गं. सकाळी सातला."