येसूआक्काच्या हातातल्या खडावा

बोरखडीच्या ओढ्याकाठी, चिंचेखाली, रावजीबुवा महाराजांची झोपडी होती. बोरखडी माझं माहेर. तिथल्या हैबतरावांच्या दाराला उंबराच नव्हता. आम्ही पोरी धावत थेट चुलीपर्यंत जायचो. आता घराघराला पायऱ्याच पायऱ्या, आणि म्हाताऱ्यांनी बसायचं बाहेर. असो. तिथला उंबरा कुठं गेला, ते ऐका.

हैबतरावांच्या बहिणीचे, येसूआक्काचे, पाय लहानपणी तापात गेले. ती तळहात टेकत सरकायची. हैबतरावांनी नवं घर बांधलं आणि मिरवायला गुडघाभर उंच सागवानी उंबरा बसवला. उंबऱ्यावर बसलं की लक्ष्मी रुसते म्हणतात, आणि आक्काला तर बसल्याशिवाय तो ओलांडता येईना. मग तिची गाठोडी गोठ्यात गेली.

महाराज घरोघर पाळीनं जेवत. हैबतरावांची पाळी आली.

"दादा, भाकरी मी करते."

"रांगत यायला तू बाळकृष्ण आहेस का? जेवणावळ उरकली की गाडी जुंपतो. धर्मशाळेत सोडतो तुला. पाहुणे गोठ्याकडं बघून हसतात."

आक्कानं डोळे मिटले. तिनं महाराजांचं नाव घेतलं.

दुपारी महाराज दाराशी आले आणि थांबले. "पाय उचलेना रे."

चौघांनी बगलेत हात घातले. वाळक्या काटकीएवढे महाराज, पण तसूभर हलेनात. दारातून संत उपाशी जाणार! हैबतरावांनी हात जोडले. "महाराज, काय चुकलं?"

"आत यायची वाट तुझ्या बहिणीला विचार."

"ती तर कधी आत आलीच नाही."

"मग मी तरी कसा येऊ?"

आक्का सरकत आली. उंबऱ्यापाशी हात मागं घेतला.

"टेक माय," महाराज म्हणाले. "लक्ष्मीला लेकीचं ओझं होत नाही."

तिनं हात टेकला मात्र, तो सागवानी उंबरा ओल्या मातीत खुंटी रुतावी तसा खाली गेला आणि जमिनीशी सपाट झाला. महाराजांचा पाय सुटला. त्यांनी पायातल्या खडावा काढून आक्काच्या हातांत चढवल्या. "तळहात पोळतात तुझे. चल, पुढं तू, मागून मी."

त्या दिवशी भाकरी आक्कानंच थापल्या. गाडी जुंपलीच नाही.

महाराज निघाले तेव्हा हैबतराव पादुकांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांचे पाय अनवाणी.

"पादुका तिच्याकडं आहेत," महाराज म्हणाले.

आक्का हातांत खडावा घालून पाण्याच्या रांजणाकडं सरकत होती. गावादेखत हैबतरावांनी तिच्या हातांवर कपाळ टेकलं. बराच वेळ उठेनात.

"ऊठ दादा," आक्का म्हणाली, "तुझी भाकरी गार होतेय."