वानरीची आखडलेली मान

दरीकाठच्या एका जंगलात एक वानरी राहत असे. तिला नुकतेच पहिले पिल्लू झाले होते, आणि पिल्लाच्या जोडीला काळजीही. वारा सुटला तर? आपल्याला पेंग आली तर? पिल्लू सटकले तर? ज्यांना उत्तर नसते असे प्रश्न ती दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारी.

मुलांनो, एके दिवशी तिची मानच आखडली. अशी, की डावीकडे बघायचे तर अख्खी वानरी वळवावी लागे. अस्वल म्हणाले, मानेला ओला चिखल लाव. तिने लावला. खार म्हणाली, उन्हात शेक. तिने शेकली. चिखल वाळून गळून पडला, मान होती तशीच. टोळीतल्या थोरल्या मावशीने विचारले, "पिल्लू काय जगात तुलाच झालंय?" त्या औषधानेही गुण आला नाही.

एरवी तिने कसेबसे भागवले असते. पण झरा आटला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी दरीपलीकडच्या रानात निघणार होती. मधली उडी लांब. अशा मानेने अंदाज चुकला, तर पिल्लासकट दरीत. मागे राहावे, तर पाण्याचा थेंब नाही.

त्या संध्याकाळी तिच्याच फांदीवरचा कोळी भांडायला आला.

"वानरीबाई, चार दिवस माझं जाळं वरच्या कोपऱ्यात फाटतंय. मी आपला वरच सांधत बसलो. आज धागा धागा चाचपत खाली आलो, तर ओढ इथली निघाली. तुमच्या पायाची."

वानरीने खाली पाहिले. तिच्या डाव्या पायाने एक डहाळी इतकी आवळली होती की ती पार वाकली होती, आणि जाळ्याचा खालचा धागा नेमका त्याच डहाळीला होता. आपण काही आवळले आहे, हेच तिला ठाऊक नव्हते.

"सोडलं तर पिल्लू पडेल, कोळीदादा."

"पिल्लाने तुम्हाला धरलंय, चांगलं दोन्ही हातांनी. त्या डहाळीला नाही."

वानरी ओशाळली. तिने एक बोट सोडले आणि पिल्लाकडे पाहिले. दुसरे सोडले, पुन्हा पाहिले. शेवटचे बोट सुटताच डहाळी वर आली, जाळे थरथरून सारखे झाले. आणि वानरीच्या पोटरीतून, कमरेतून, पाठीतून काहीतरी सैल होत थेट मानेपर्यंत गेले. तिने भीत भीत डावीकडे पाहिले. मान वळली. बाकीची वानरी जागच्या जागी राहिली.

"म्हणजे माझ्या आतही जाळंच आहे की काय?"

"हाडं म्हणजे काठ्या, बाकी सगळे ताणलेले धागे," कोळी म्हणाला. "एक ओढला की लांबचा कुरकुरतो." आणि तो आपल्या जाळ्याकडे निघून गेला.

सकाळी वानरीने उडी घेतली. पलीकडच्या झाडावर ती पोचली तेव्हा पिल्लू झोपेतच होते. तिने सवयीने फांदी घट्ट आवळली. मग आठवण होऊन हळूच एक बोट सोडले.

तात्पर्य : दुखते एकीकडे आणि ओढ असते भलतीकडेच, म्हणून दुखऱ्या जागेवर चिखल थापण्याआधी आपण कुठे आवळून बसलो आहोत, ते पाहावे.