तारखेची जागा

"किती दिवस द्यायचे त्याला, वस्ताद?"

बाबालाल वस्ताद आखाड्यातली ढेकळं हातानं फोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारे होते प्राचार्य डॉ. यशोधर शिरगुप्पे. बूट दाराबाहेर काढून, पायमोज्यांवरच ते तालमीत आले होते. कॉलेजच्या फुटबॉल संघाला जूनमध्ये नवा कोच त्यांनीच आणला होता, रणधीर चौगले. आता सप्टेंबर होता. तीन सामने झाले होते आणि तिन्ही हरले होते.

वस्तादांनी आधी पैलवान घडवले, मग या तालमीचा फुटबॉल संघ. असल्या प्रश्नासाठी गावात दुसरा माणूस नव्हता.

प्राचार्यांनी सगळं सांगितलं. चौगले पहिला महिनाभर पोरांना गोलवर चेंडू मारूच देत नव्हता, नुसते एकमेकांना पास आणि वर धीराचे उपदेश. संस्थेच्या अध्यक्षांनी भर सभेत विचारलं होतं, सर, कोच आणलाय की कीर्तनकार? सगळे हसले. प्राचार्यही हसले होते, आणि आपण का हसलो हे त्यांना अजून कळत नव्हतं. शनिवारी चौथा सामना होता. तोही गेला तर चौगलेला काढा, नाहीतर त्याला नेमणाऱ्यानं जावं, असा अध्यक्षांचा निरोप आला होता.

मग त्यांनी दोन परदेशी अभ्यासांचा हवाला दिला. कोचला एकात दोन हंगाम द्या म्हटलं होतं, दुसऱ्यात चार.

"तुमास्नी कुठला पटला?"

"दोन्ही पटतात... तीच अडचण आहे."

वस्तादांनी एक ढेकूळ बाहेर फेकलं.

"मॅच बघितल्या का?"

"तिन्ही. शेवटपर्यंत."

"पहिल्या मॅचला चेंडू पायात आला की पोरं मागं वळून कोचकडं बघत हुती. परवा एकानं बी बघितलं न्हाई."

प्राचार्यांनी आठवून पाहिलं. त्यांना फक्त गोल आठवत होते.

"पण निकाल तर हवा ना, वस्ताद? ठरलेल्या वेळेत?"

"निकाली कुस्तीला घड्याळ असतंय व्हय?"

प्राचार्य याच गावात वाढले होते. निकाली कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते, आणि वेळ लावली की ती गुणांवर सुटते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"एक कायतरी मागा, सर. येळ मागा, न्हाईतर निकाल."

...

प्राचार्यांनी बॅगेतून एक कागद काढला. चौगलेला सेवेतून कमी केल्याचं पत्र होतं. मजकूर पुरा होता, खाली प्राचार्यांचीच सही होती. तारीख तेवढी कोरी होती.

हे पत्र आठ दिवस आपल्याजवळ आहे, असं ते म्हणाले. रोज काढतो, वाचतो, परत ठेवतो. चौगलेला यातलं काही माहीत नाही. सकाळी भेटला की तो हसून नमस्कार करतो.

"शनिवारची घालू, की हंगाम संपतो त्या मार्चची? तुम्ही सांगाल ती घालतो."

वस्ताद आखाड्याच्या कडेला आले.

"कुठं घालायची? दावा."

प्राचार्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

वस्तादांनी मातीच्या हातानं त्यांचं मनगट धरलं. कुस्तीच्या सुरुवातीला, खडाखडीत, पैलवान धरतो तसं, घट्ट. प्राचार्यांनी ते एकदा ओढून पाहिलं. सुटलं नाही... मग त्यांनी ओढणं सोडून दिलं.



"शनिवारी हरलो तर," प्राचार्य हळूच म्हणाले, "मी त्या चौगलेला काय सांगू?"

"त्याला काय सांगायचं? कुस्ती त्याची न्हाई, तुमची लागलीय, सर."